घोषणा, निवेदन आणि फुफूचा प्रश्न

(युवक-युवतींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'सार्वजनिक चर्चेतील अभिव्यक्तीचे प्रकार' असा छापला आहे. त्यात हे जेवणानंतरचं सत्र. त्यामुळे मी व्याख्या सांगत बसणार नाही. सकाळी गटचर्चेत तुम्ही जे बोलत होतात, ते मी मागे बसून ऐकत होतो. एक मुलगा म्हणाला, "सर, आमचं कुणी ऐकूनच घेत नाही." त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "आपण बोलतो तरी कुठे? आपण फक्त स्टेटस ठेवतो." आजचा विषय या दोन वाक्यांमध्येच आहे. आपलं ऐकलं जात नाही, ही तक्रार खरी आहे. आपण कसं बोलतो, कुणाशी बोलतो आणि कशासाठी बोलतो, हे मात्र आपण तपासत नाही.

आधी माझीच गोष्ट सांगतो.

१९८५ साल. मी आठवीत होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही राहायचो. शाहबानो खटल्याचा निकाल त्या वर्षी एप्रिलमध्ये लागला होता आणि गावोगावी त्याविरुद्ध मोर्चे निघत होते. आमच्याही गावात निघाला. शाळा बुडवून आम्ही पोरं पुढे. घोषणा होती शरियत वाचवायची. शाहबानो कोण, कुठली, तिने मागितलं काय, यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. पण माझा आवाज चांगला होता, म्हणून मला पुढे घोषणा द्यायला लावलं. मी ओरडायचो आणि मागून शेकडो लोक साथ द्यायचे. तेरा वर्षांच्या पोराला याची किती नशा चढत असेल, विचार करा.

संध्याकाळी घसा बसवून घरी आलो. फुफू चुलीपुढे भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "कायकू चिल्ला रा था रे?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, आपली शरियत धोक्यात आहे म्हणून. ती काही बोलली नाही. भाकरी उलटली आणि पाण्याचा हात पुसत म्हणाली, "अच्छा."

आमच्या फुफूला १९७९ साली तलाक मिळाला होता. नवरा भिवंडीला मागावर कामाला होता. तिथून एक पोस्टकार्ड आलं. तीन ओळींचं. दादांनी ते वाचलं आणि रागाच्या भरात चुलीत टाकलं. तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. मी दिवसभर ज्या गोष्टीसाठी ओरडत होतो, तिचा संबंध माझ्याच घरात चुलीपुढे बसलेल्या बाईशी आहे, हे मला कळायला पुढे सहा-सात वर्षं लागली. घोषणा देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं, पण तिला होतं. म्हणून ती फक्त 'अच्छा' म्हणाली.

तिचा तो प्रश्न मी आज तुमच्यासमोर ठेवणार आहे. कशासाठी? आणि त्याला जोडून आणखी दोन: कुणाला? आणि कुणाच्या वतीने?

घोषणेचं बळ आणि घोषणेची मर्यादा

घोषणा वाईट असते, असं मी म्हणत नाही. आपल्या देशातल्या सगळ्यात चांगल्या घोषणांपैकी काही मुसलमानांनी दिल्या आहेत. 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा मौलाना हसरत मोहानींची. १९२८ साली सायमन कमिशन मुंबईत उतरलं तेव्हा 'सायमन गो बॅक' ही घोषणा दिली मुंबईच्याच युसूफ मेहेरअली या तरुणाने. तेव्हा तो पंचविशीत होता. १९४२ सालचं 'क्विट इंडिया' हे शब्दही त्याचेच मानले जातात. त्याच वर्षी तो मुंबईचा महापौर झाला होता. तुमच्यापैकी कितीजणांना हे नाव शाळेत शिकवलं गेलं, मला ठाऊक नाही. पनवेलजवळ तारा गावात त्यांच्या नावाचं केंद्र आहे. जमलं तर एकदा जाऊन या.

'सायमन गो बॅक' या तीन शब्दांकडे नीट बघा. कुणाला उद्देशून? सायमनला. मागणी काय? परत जा. कशासाठी? ज्या कमिशनमध्ये एकही भारतीय नाही, त्याने भारताचं भवितव्य ठरवू नये म्हणून. घोषणा तीन शब्दांची, पण तिच्यामागे संपूर्ण युक्तिवाद उभा आहे. कुणी थांबवून विचारलं असतं की 'का रे बाबा?', तर घोषणा देणाऱ्याला उत्तर देता आलं असतं.

आता 'अमुक धोक्यात आहे' ही घोषणा घ्या. मी दिलेली. आज वेगवेगळ्या रंगांच्या झेंड्यांखाली दिली जाते तीही घ्या, कारण प्रत्येक धर्म आज धोक्यात असल्याचं सांगितलं जातं. ही कुणाला उद्देशून आहे? कुणालाच नाही. मागणी काय? काहीच नाही. तिच्यात फक्त भीती आहे. भीतीवर माणसं गोळा होतात, पण गोळा झाल्यावर त्यांनी करायचं काय हे घोषणेत नसतं. मग ते ठरवणारा दुसराच कुणीतरी असतो. म्हणून एखादी घोषणा द्यायच्या आधी स्वतःला विचारा, हिच्यात मागणी कोणती आहे? आणि ज्याच्याकडे मागतो आहोत, त्याच्या हातात ती पुरी करणं आहे का?

शाहबानोच्या बाबतीत काय झालं, ते आता मी तुम्हाला सांगू शकतो, कारण नंतर मी ते वाचलं. इंदूरची ही बाई. १९३२ साली लग्न झालं, पाच मुलं झाली. नवरा वकील. १९७८ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी तिला तलाक दिला गेला. तिने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागितली. खालच्या कोर्टाने महिना पंचवीस रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ती रक्कम वाढवली. किती केली? १७९ रुपये २० पैसे. सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी ती कायम केली. त्याच निकालात समान नागरी कायद्याचं कलम ४४ नुसतं कागदावर राहिल्याची खंतही न्यायालयाने व्यक्त केली आणि कुरआनातल्या आयतींचा अर्थही सांगितला. तिथून वादाला तोंड फुटलं.

एका बाजूने ओरडलं गेलं, शरियत वाचवा. दुसऱ्या बाजूने ओरडलं गेलं, यांना एक कायदा लावा. या दोन आवाजांमध्ये १७९ रुपये २० पैसे कुणालाच ऐकू आले नाहीत. मी जर त्या दिवशी मोर्चात एखाद्याला विचारलं असतं की बाईने मागितले किती, तर दहातल्या नवांना सांगता आलं नसतं. पुढे शाहबानोच्या अंगठ्याचा ठसा असलेलं एक खुलं पत्र वर्तमानपत्रात आलं. आपल्या बाजूने लागलेला निकालच तिने त्यात नाकारला होता. ते पत्र आपण कसं वाचायचं? शब्द कुणाचे, अंगठा कुणाचा? म्हणूनच 'कुणाच्या वतीने' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. समाजाच्या नावाने बोलणारे पुष्कळ असतात. ज्याच्यावर बेतलं त्या माणसाला स्वतः बोलायला जागा मिळाली का, हे आधी बघायचं.

सात बायका

आता दुसरा प्रसंग. १८ एप्रिल १९६६. मुंबईत विधानभवनावर एक मोर्चा गेला. त्यात किती माणसं होती? सात. सातही मुस्लीम स्त्रिया. मोर्चा काढणारे हमीद दलवाई, चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचे, तेव्हा चौतिशीसुद्धा पुरी न झालेले. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा करा, असं निवेदन त्या स्त्रियांनी मुख्यमंत्र्यांना दिलं.

दलवाईंच्या सगळ्या मागण्या आणि मतं तुम्हाला पटावीत, असा माझा आग्रह नाही. समान नागरी कायद्याबद्दल तर आपल्या चळवळीतही एकमत नाही, आणि संध्याकाळी त्यावर सत्र आहेच. मला तुमचं लक्ष वेधायचं आहे ते त्या बोलण्याच्या पद्धतीकडे. सात बायकांना घोषणा देऊन सरकार हादरवता येत नाही. पण त्यांच्या हातात मागण्या लिहिलेले फलक होते, सोबत निवेदन होतं, आणि ज्यांच्यावर बेतलं होतं त्या स्वतः तिथे उभ्या होत्या. कुणाला? सरकारला. कशासाठी? या या मागण्यांसाठी. कुणाच्या वतीने? आमच्या स्वतःच्या. तिन्ही प्रश्नांना उत्तर होतं. आज साठ वर्षांनी तो मोर्चा आपल्याला तारखेसकट आठवतो. त्या काळी निघालेले लाखालाखाचे कितीतरी मोर्चे कुणाला आठवत नाहीत.

निवेदन हा प्रकार तुम्हा मुलांना कंटाळवाणा वाटतो. रील नाही, टाळ्या नाहीत. पण नागरिक म्हणून बोलण्याचा तो पाया आहे. एक उदाहरण देतो. एका गावात आमच्या लोकांची तक्रार होती की कब्रस्तानच्या रस्त्यावर दिवे नाहीत. पावसाळ्यात जनाजा न्यायचा म्हणजे मोबाईलच्या उजेडात. आठ वर्षं प्रत्येक सभेत या विषयावर भाषणं झाली. 'आमच्या मुर्द्यांनासुद्धा न्याय नाही' हे वाक्य आलं की टाळ्या ठरलेल्या. निवडणूक आली की उमेदवारही तेच वाक्य बोलायचे. मग बी.कॉम.ला असलेल्या एका मुलीने माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. तुम्हाला माहीत असेल, शुल्क दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. महाराष्ट्रात नियम असा आहे की अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. तिने विचारलं, या रस्त्यासाठी गेल्या पाच वर्षांत किती निधी मंजूर झाला आणि किती खर्च झाला? उत्तर आलं, निधी एकदा मंजूर झाला होता, पण मुदतीत काम न झाल्याने परत गेला.

म्हणजे आठ वर्षं आम्ही 'अन्याय, अन्याय' ओरडत होतो तेव्हा पैसे येऊन परत गेले होते आणि आमच्यातल्या एकालाही पत्ता नव्हता. त्या उत्तराची प्रत जोडून मुलीने दुसरा अर्ज दिला. मुख्याधिकाऱ्यांना भेटायला गेली तेव्हा सोबत पलीकडच्या आळीतल्या तीन बायकांना घेऊन गेली, कारण स्मशानाचा रस्ताही तोच होता. दिवे लागले. मी असं म्हणत नाही की अन्याय नव्हता. काम का झालं नाही, हा प्रश्न उरतोच. पण तो प्रश्न आता तारीख आणि आकड्यासकट विचारता येतो.

माझ्या मते दीडशे शब्दांची ही अट वक्तृत्वाची सगळ्यात चांगली शाळा आहे. एकच विषय, एकच पत्ता, स्पष्ट मागणी. आपली निम्मी भाषणं या अटीत नापास होतील. माझंही आजचं होईल.

'मग त्यांचं काय?'

आता जरा नाजूक भागाकडे येतो. सध्याच्या चर्चेत सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रकार कोणता? 'मग त्यांचं काय?' कुणी म्हणालं, तुमच्यात मुलींची शाळा लवकर सुटते, की आपण म्हणतो, मग त्यांच्यातल्या हुंड्याचं काय? आपण म्हणालो, झुंडीने माणूस मारला, की समोरचा म्हणतो, मग अमक्या देशात काय चाललंय?

हा प्रकार दरवेळी खोटा नसतो, हे आधी मान्य करू. तुलना हा न्यायाचा पाया आहे. एकाच गुन्ह्याला एकाला जामीन आणि दुसऱ्याला तुरुंग मिळत असेल, तर 'त्याला का नाही?' हे विचारलंच पाहिजे. मग खरी तुलना आणि पळवाट यांतला फरक कसा ओळखायचा? मी एक साधी कसोटी वापरतो. तुलनेच्या शेवटी मागणी दोघांसाठी आहे का? 'यालाही जामीन द्या, त्यालाही द्या', 'हुंडाही थांबवू, मुलींची शाळाही सोडवायची नाही' असं म्हणत असाल, तर तुलना बरोबर. 'त्यांचं आधी, मग आमचं बघू' असं म्हणत असाल, तर ती पळवाट. कारण त्यांचं कधीच संपणार नाही आणि आपली मुलगी तोवर पंचवीस वर्षांची होईल.

याच कुळातला दुसरा प्रकार म्हणजे टोमणा. मोबाईलवर सध्या टोमणा हाच युक्तिवाद झाला आहे. तो लिहायला मजा येते, लाईक मिळतात. पण टोमणा मारून कुणाचं मत बदललेलं मी तरी बघितलेलं नाही. जे आधीच आपल्या बाजूचे आहेत, ते हसतात. जो कुंपणावर आहे, तो उठून पलीकडे जातो. तुमच्या वर्गातला, ऑफिसातला, क्रिकेटच्या टीममधला जो मित्र अजून ठरवतो आहे की या विषयावर आपण काय समजायचं, त्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवर एक साधी फेसबुक पोस्ट लिहिल्याबद्दल आणि ती लाईक केल्याबद्दल अटक झाली होती. तशा प्रकरणांमुळेच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाला आव्हान दिलं गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केलं. पण म्हणून सगळं मोकळं झालं असं समजू नका. धर्माच्या आधारावर शत्रुत्व वाढवणं आणि जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावणं, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ आणि २९९ खाली आजही गुन्हे आहेत. ही कलमं सगळ्यांना सारखी लावली जातात का, यावर आपण बोलू, जरूर बोलू. पण रात्री एक वाजता रागाच्या भरात पुढे ढकललेल्या मेसेजची किंमत तुमच्या आईने वकिलाच्या दारात उभं राहून मोजावी, हे मला नको आहे. राग आला तर लिहा, जरूर लिहा. सकाळी वाचा. मग पाठवा.

घरात एक, चौकात एक

आता सगळ्यात अवघड गोष्ट. आपण दोन भाषांत बोलतो. दखनी आणि मराठी या अर्थाने नाही. त्या दोन तर आपली श्रीमंती आहेत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, बार्शीच्या शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राची मैदानं भरली, १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लीम मराठी साहित्य संमेलन झालं. त्यामुळे कुणी 'तुम्ही मराठी छान बोलता हं' म्हणालं, तर चिडू नका. 'तुम्हीही' म्हणा आणि पुढे बोला.

मी दोन भाषा म्हणतो ते वेगळ्या अर्थाने. घरात एक आणि चौकात एक. आपल्या माणसांत बसलो की आपण म्हणतो, अरे, आपल्यात हे फार वाईट चाललंय. बाहेर कुणी तेच विचारलं की म्हणतो, छे, असं काही नाही, ही बदनामी आहे. काहीजणांचं नेमकं उलट. बाहेरच्या व्यासपीठावर समाजावर सडकून टीका, टाळ्या, हार. आणि मोहल्ल्यात आले की गप्प. मी या दुसऱ्या गटातला होतो. कॉलेजात असताना तोंडी तलाकवर भाषण करून जिल्हा पातळीवर वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवलं. चषक घरी आणला. तो फुफूनेच पुसून कपाटावर ठेवला. त्या भाषणात मी ज्या 'पीडित स्त्री'बद्दल डोळ्यांत पाणी आणून बोललो होतो, तिला मी कधी विचारलंही नव्हतं की तुझं काय चाललंय, तुला काय हवंय.

बाहेर बोलायची भीती वाटते, कारण आपले शब्द दुसरा कुणीतरी आपल्याच विरुद्ध वापरेल. ही भीती खोटी नाही. शाहबानोच्या वेळी तेच झालं, आजही होतं. ज्यांना मुस्लीम बाईशी काहीही देणंघेणं नाही, तेही तिच्या नावाने गळा काढतात. दलवाईंनाही अशा टाळ्या मिळाल्या. पण त्यांचं लिखाण वाचा. मुस्लीम जातीयवादावर जितकं कठोर लिहिलं, तितकंच हिंदू पुनरुज्जीवनवादावरही लिहिलं. चुकीच्या माणसाने टाळी वाजवली म्हणून गप्प बसणं हा मार्ग नाही. जे घरात बोलतो तेच चौकात बोलायचं, आणि जे चौकात बोलतो ते आधी घरात बोलायचं. मग टाळ्या वाजवणाऱ्यालाही कळतं की पुढचं वाक्य त्याच्याबद्दल असू शकतं.

असं बोलण्याचा एक प्रकार आपल्या माणसांनी मराठीत फार ताकदीने वापरला आहे. तो म्हणजे आत्मकथन. पुण्याच्या सय्यदभाईंचं 'दगडावरची पेरणी' वाचा. बहिणीला मिळालेल्या तलाकपासून त्यांची वाट सुरू झाली. पुढे २२ मार्च १९७० रोजी मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं, तेव्हा ते दलवाईंबरोबर होते. मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' वाचा. रझिया पटेलांचं 'चाहूल' वाचा. १९८२ साली जळगावात मुस्लीम स्त्रियांना सिनेमाला जायला बंदी घातली गेली होती, तिच्याविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. सिनेमा ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण आम्ही कुठे जायचं हे आम्ही ठरवू, एवढं साधं वाक्य त्यात होतं.

'समाजात असं होतं' म्हणणं सोपं. 'माझ्या बहिणीचं असं झालं' म्हणणं अवघड. आणि 'मी तेव्हा गप्प होतो' म्हणणं सगळ्यात अवघड. पण ऐकणारा तिथेच थांबतो. फक्त एक पथ्य पाळा. गोष्ट दुसऱ्याची असेल, तर आधी त्याला विचारा. मी आज फुफूची गोष्ट सांगतो आहे, ती तिला विचारून. ती म्हणाली, "बोल. मेरा नाम मत ले." म्हणून नाव घेतलेलं नाही.

आणि कधी कधी न ओरडताही बोलता येतं. २०१९ च्या डिसेंबरात दिल्लीच्या शाहीनबागेत आणि पुढे आपल्या मुंबईत नागपाड्याच्या मोरलँड रोडवर बायका बसल्या, तेव्हा त्यांनी संविधानाची उद्देशिका वाचली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी ऐकून म्हटली. मागणी नागरिकत्वाच्या कायद्याबद्दलची होती. 'आम्ही, भारताचे लोक' या शब्दांत आपणही आहोत, हे सांगायला त्यापेक्षा नेमके शब्द कुणाला सापडले नसते.

शेवटचा अर्ज

फुफूच्या गोष्टीचा शेवट सांगतो आणि थांबतो.

१९९४ साली मी नोकरीला लागलो होतो. एकदा सुट्टीत घरी आलो असताना एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला विचारलं, तुला काही हवंय का? मला वाटलं, ती म्हणेल नवऱ्याला धडा शिकव. ती म्हणाली, पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात, मला मिळतील का बघ. स्वतःच्या हातात चार पैसे असावेत म्हणून.

तहसीलमध्ये गेलो. कारकुनाने विचारलं, घटस्फोट झाल्याचा कागद? कागद कुठला? तीन ओळींच्या कार्डावर लग्न मोडलं होतं आणि ते कार्ड चुलीत जळलं होतं. लग्न मोडायला कागद लागला नाही, पण मोडलंय हे सिद्ध करायला लागत होता. मी कपाटावरचा चषक आठवला. माझ्या त्या बक्षीसपात्र भाषणातलं एकही वाक्य या खिडकीवर उपयोगाचं नव्हतं.

मग मी जमातीच्या सदरसाहेबांकडे गेलो. १९८५ च्या मोर्चात ज्यांनी मला पुढे उभं करून घोषणा द्यायला लावल्या, तेच ते. मी वाद घालण्याच्या तयारीने गेलो होतो, मुद्दे पाठ करून. पण वाद घातला नाही. एक अर्ज पुढे ठेवला. चार ओळी. अमुक बाईला अमुक साली पत्राने तलाक मिळाला, ती तेव्हापासून माहेरी आहे, तिला उत्पन्न नाही, याबद्दल जमातीने दाखला द्यावा. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पंधरा साल हो गए?" मी हो म्हणालो. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "पहले कायकू नहीं आए?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी पंधरा वर्षं एकतर ओरडत होतो, नाहीतर भाषण करत होतो. विचारलं कधीच नव्हतं.

२०१५ साली उत्तराखंडच्या शायराबानोला तलाकनामा पोस्टानेच आला. तिने तो जपून ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयात गेली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिलेला तिहेरी तलाक न्यायालयाने अवैध ठरवला. फुफूने ती बातमी टीव्हीवर बघितली. मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "कार्ड रखना था."

आता तुमच्या प्रत्येकाच्या हातात संयोजकांनी एक कोरा कागद दिला आहे. चहाच्या सुट्टीच्या आधी त्यावर दीडशे शब्दांत एक गोष्ट लिहा. तुमच्या घरातली, गल्लीतली, कॉलेजातली. कुणाला लिहिताय, काय मागताय, कुणाच्या वतीने, हे तीनही त्यात हवं. आणि दुसऱ्या कुणाच्या वतीने लिहीत असाल, तर आज रात्री फोन करून आधी तिला विचारा.